अर्थ लागत नाही

सरांच्या गाडीचा मागचा कॅमेरा काळाठिक्कर पडला, त्या आठवड्यात गाडी मागे घेताना दोन कुंड्या फुटल्या. तिसरी फुटली की किल्ली माझ्याकडे, असं सौभाग्यवतींनी जाहीर केलं, आणि त्या एकदा जाहीर केलेलं बदलत नसत. सरांना तर गाडीवाचून एक दिवस करमत नसे. त्यांनी मुकाट्याने गाडीच्या वायरमनला बोलावलं. तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला, मराठीत दोनदा नापास झालेला.

वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन डिकीत शिरला. लाल वायरीला टोक लावताच दिवा लागला. काळ्या वायरीशी मात्र अंधार.

"सर, करंट येतोय. अर्थ मिळत नाही."

"अर्थ मिळत नाही, लागतो." चाळीस वर्षं मराठी शिकवल्यावर जीभ थांबत नाही.

"तेच की. लागतच नाहीये."

"कशाचा?"

"बॉडीचा."

"वाक्य पूर्ण कर," सर म्हणाले.

वायरमनने केलं. कॅमेऱ्याकडे गेलेला करंट काळ्या वायरीने गाडीच्या पत्र्यात परत यायला हवा, त्यालाच अर्थ म्हणायचं. ती वायर डिकीत एका स्क्रूखाली दाबलेली होती. स्क्रू बघून तो थबकला.

"याला रंग कुणी दिला?"

"मी. गंजला होता. काढला, त्याला आणि खालच्या पत्र्याला दोन-दोन हात दिले, परत बसवला. डिकीची शोभा जात होती."

"रंगातून करंट जात नाही, सर." वायरमन पॉलिश पेपर घासू लागला. "माझ्या निबंधावर तुम्ही लाल शाईने लिहिलं होतं. अलंकार फार, अर्थ नाही."

सरांना मनापासून लाज वाटली. पोराच्या इतकं लक्षात आहे म्हणून थोडं बरंही वाटलं.

पत्रा चकचकीत झाला, स्क्रू आवळला. वायरमन डिकी लावून बाजूला झाला. "आता गाडी चालू करून रिव्हर्स टाका."

सरांनी टाकला. पडद्यावर अंगण उमटलं. फरशी, नळ, तिसरी कुंडी, तिच्यातलं एकेक पान.

"अरे, दिसतंय! सगळं दिसतंय!" सरांनी टाळी वाजवली आणि त्या भरात क्लचवरचा पाय उचलला.

गाडी हिसका देऊन मागे गेली आणि बंद पडली. पडद्यावरचं चित्र शेवटपर्यंत अगदी स्वच्छ होतं.

सौभाग्यवती गाडीच्या खिडकीपाशी आल्या. ओरडल्या नाहीत. नुसता हात पुढे केला.

"अहो, अर्थ लागला ना?" सौभाग्यवतींनी विचारलं.

सरांनी किल्ली काढून दिली.