श्रद्धांजलीसाठी तहकूब

जिवंत माणसाची विचारपूस कोणीही करतो. मेलेल्याचा मान राखायला मात्र विधिमंडळच लागतं. म्हणून माजी सदस्य वारला, की शोकप्रस्ताव वाचून सभागृह दिवसभरासाठी तहकूब करायची उदात्त प्रथा तिथे होती. हयात माजी सदस्य सहाशे बारा, सरासरी वय एक्क्याऐंशी. गेल्या वर्षी नव्वद बैठकांपैकी त्र्याऐंशी अशा सत्कारणी लागल्या. (उरलेल्या सात गोंधळात गेल्या.) त्यामुळे प्रत्येक वस्तीला रुग्णवाहिका देणारं विधेयक अकरा वर्षं रांगेत होतं. शहरात एक रुग्णवाहिका होती. ती दुरुस्तीला गेली होती.

शोकप्रस्ताव लिहिणारा लेखनिक तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला नव्हता. पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाचा मजकूर त्याच्याकडे तयार असे, फक्त तारीख मोकळी. त्याचे वडीलही माजी सदस्य, हृदयविकाराने टेकीला आलेले. त्यांचाही कागद त्याने लिहिला होता, आणि लिहिताना तो ढसाढसा रडला होता. विधेयक मंजूर झालं की तो फाडायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

आणि एका मंगळवारी कोणीच वारलं नाही. सभागृहाच्या तोंडचं पाणी पळालं. काम करायचं म्हणजे नेमकं काय, हे आठवणारे सदस्य आता फक्त प्रस्तावांतच उरले होते. अध्यक्षांनी प्रसंगावधान राखून लेखनिकाची फाइल उघडली, वरचाच कागद गहिवरून वाचला आणि सभागृह तहकूब केलं.

लेखनिक धावत गेला. "साहेब, ते माझे वडील! जिवंत आहेत!"

"वाईट वाटलं," अध्यक्ष म्हणाले, "पण तहकूब झालं ते झालं. विधेयक उद्या पहिल्या क्रमांकावर घेऊ."

तेवढ्यात घरून फोन आला. वडिलांनी सगळं टीव्हीवर पाहिलं होतं.

"छान लिहिलंस रे. 'करारी' मात्र दोनदा आलंय."

"बाबा, चूक झाली हो."

"असू दे. छातीत कळ येतेय. गाडीचं बघतोस का?"

लेखनिकाने तासभर चौफेर फोन लावले. संध्याकाळपर्यंत प्रस्तावात दुरुस्ती करायची गरज उरली नाही.

बुधवारी सभागृहाने वडिलांसाठी दोन मिनिटं स्तब्धता पाळली आणि अर्थातच ते तहकूब झालं. लेखनिकाने डोळे पुसत नोंद केली: सदस्यांची स्तब्धता वेळेत संपली. नागरिकांची अकरा वर्षांपासून चालू आहे. ती कधी संपणार, याबद्दल त्यांच्याकडून अद्याप काहीही कळलेलं नाही.