आप्पांचं बघून होईपर्यंत

काळघळीतली नदी घरातल्या थोरल्या माणसाचं बघून झाल्याशिवाय धाकट्यांना दिसत नाही. थोरल्याने कठड्याशी उभं राहून 'झालं माझं' असं तोंडाने म्हणायचं, मग त्याच्या पाठच्याला ती दिसू लागते. तोवर धाकट्यांना कठड्यापलीकडे नुसतं पांढरं दिसतं, चुना दिलेल्या भिंतीसारखं. तिथे तशी पाटी आहे : 'ज्येष्ठांचे पाहून होईपर्यंत कनिष्ठांनी सहकार्य करावे.'

सहकार्य म्हणजे जेवणाचा डबा आणणे.

आमच्या घरातले थोरले म्हणजे आप्पा, माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. आजोबा वारल्यावर त्यांची जागा आप्पांना मिळाली. मी सातवीत असल्यापासून ते कठड्यालगतच्या सिमेंटच्या बाकावर बसून आहेत आणि त्यांचं अजून बघून झालेलं नाही. शेजारच्या बाकावर टिळेकर मास्तर आहेत, त्यांच्या घरातले थोरले. दोघं नदीकडे पाठ करून रमी खेळतात.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी आणि प्रणिता सकाळच्या एसटीने घळ बघायला निघालो. लग्नामुळे प्रणिताचं बघणं तिच्या माहेरच्या थोरल्यांकडून आप्पांकडे वर्ग झालं होतं.

"माझी आई तीनदा इथे आली," ती एसटीत म्हणाली. "तिन्ही वेळा पांढरं बघून, भेळ खाऊन परत गेली. मी रिकामी परतणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"मग आपण मुक्कामाचीच तयारी ठेवू," मी म्हणालो. आप्पांना मी ओळखतो.

कठड्याशी गर्दी होती. जोडपी पांढऱ्यापुढे उभी राहून फोटो काढत होती. आप्पांनी डबा उघडून आधी भाजी बघितली.

"परत वांगं?"

"आप्पा, आज मोकळं करा आम्हाला. झालं म्हणा."

"बघणं म्हणजे काय डिप्लोमा आहे, मधेच सोडून द्यायला?"

मास्तर हसले. मी दुसऱ्या वर्षाला पॉलिटेक्निक सोडलं हे त्या दोन्ही बाकांना पाठ आहे.

"मी सोडलं तर माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली," मी म्हणालो. "तुम्ही बघतही नाही आणि उठतही नाही. पाठ आहे तुमची नदीकडे."

"सारखं बघून डोळे दुखतात. आमच्या वयाचा हो, मग कळेल."

"आणि तोवर?"

"तोवर भेळ खा," मास्तर पान टाकत म्हणाले. "बरी असते इथली."

प्रणिता तेवढ्यात पाटी वाचून आली. "आप्पा, यात बघण्याबद्दल लिहिलंय. उतरण्याबद्दल काही नाही."

आप्पांनी मान वळवून पाटी वाचली. खरंच काही नव्हतं.

"अगं, कुणी उतरत नाही."

"मनाई आहे?"

"मनाई नाही. पद्धत नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली.

कठड्याच्या टोकाशी गुरांची एक वाट खाली जाते. प्रणिताने ओढणीचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या. थोडं उतरलो आणि त्या पांढऱ्यात ती हाताच्या अंतरावर असूनही मला दिसेनाशी झाली. मुरूम पायाखालून सुटत होता. आम्ही बसत, घसरत, तळव्यांनी चाचपत उतरत राहिलो. खालून पाण्याचा आवाज येत होता, म्हणजे दिशा चुकायचा प्रश्न नव्हता.

वरून आप्पा ओरडले, "डाव्या हाताला मोठा खडक आहे, त्याला धरा!"

मी डावा हात टाकला. खडक नव्हता. मी तोल जाऊन दोन हात खाली घसरलो, ओढणीला हिसका बसला, प्रणिता माझ्यावर येऊन आदळली.

"आप्पा, खडक दिसतोय का तुम्हाला?"

"असायला पाहिजे."

"असायला पाहिजे की आहे?"

प्रणिताने कोपर चोळत वर विचारलं, "आप्पा, आम्ही कुठे आहोत तेवढं सांगा. तुमच्या उजवीकडे की डावीकडे?"

वर आप्पांची काठी कठड्याला टेकल्याचा आवाज आला.

"आमचे बाबा बोललेच नाहीत गं," आप्पा म्हणाले. आवाज कठड्यावरून वाकून आल्यासारखा होता. "याच बाकावर गेले. झालं म्हणालेच नाहीत."

"म्हणजे तुम्हालाही पांढरंच?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग आमच्यापासून कशाला लपवलंत?" मी विचारलं.

"घरात सांगायचं काय? आपल्यातलं कुणीतरी बघतंय, एवढं तरी राहू दे म्हटलं."

"मास्तर, तुम्हाला?" प्रणिताने विचारलं.

"मी खेळात आहे," मास्तर म्हणाले.

मला खूप बोलायचं होतं. माझी आई रोज पहाटे उठून या माणसासाठी भाकऱ्या थापते. वडिलांनी साठी ओलांडली तरी त्यांना अजून थांबायला सांगितलं जातं. आणि हा माणूस आम्हाला ज्या नदीवरून अक्कल शिकवत होता, ती त्याने कधी पाहिलेलीच नव्हती. पण ओढणी ताणली गेली. प्रणिता पुढे निघाली होती.

"आता कुणाचं बघून व्हायची वाट बघायची राहिली नाही," ती म्हणाली. "चल."

उतार संपला. आधी वाळू लागली, मग गुळगुळीत गोटे, मग ती थांबली.

"पाणी," ती म्हणाली. "घोट्यापर्यंत आहे. ओढ उजवीकडे आहे." तिने थोडं तोंडात घेतलं. "लोखंडासारखं लागतंय. आईला हे सगळं सांगायचं, नीट लक्षात ठेव."

मी पाण्यात शिरलो. पायाच्या बोटांना मासे लागत होते. तेही तिला सांगितलं.

"पलीकडे जायचं?"

"अर्ध्यावरून परतायला आलोय का," ती म्हणाली.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा मागे मुरूम घरंगळल्याचा आवाज आला. मग धाप. मग काठी दगडावर आपटल्याचा आवाज, आमच्याच वाटेवर.

"चपला काढू का रे?" आप्पांनी विचारलं.

त्यांनी मला काही विचारल्याची ही पहिलीच वेळ होती.

"काढा," मी म्हणालो. "शेवाळ आहे. काठी आधी टेकवा, मग पाय. आणि आमच्या आवाजावर या."

आम्ही त्यांच्यासाठी थांबलो नाही. बोलत मात्र राहिलो.