समजावून सांगितलेला जोक

मोहगावच्या मैदानावर मुलींच्या कबड्डीची फायनल रंगली होती आणि माइक कुलदीपच्या हातात होता. सौंसरच्या लोकल चॅनेलचा तो कॉमेंट्रीवाला. खेळातलं त्याला बेताचंच कळायचं, लोक त्याला जोकांसाठी ऐकायचे. सकाळपासून एकीची वेणी झाली, दुसरीचा रंग झाला, तिसरीचं वजन झालं, आणि मंडप हसत होता.

सौंसरची कप्तान उर्वशी हिनं पांढुर्ण्याची चढाईवाली घोट्याला धरून पाडली. सामना बरोबरीत आला. कुलदीपला चेव चढला.

"काय पकड आहे बाप्पा. हिच्या तावडीत जो नवरा सापडंल, त्याची मले आत्तापासूनच दया येऊन राहिली."

मंडप खदखदला. उर्वशीनं टाइम-आउट मागितला आणि पाणी प्यायचं सोडून सरळ त्याच्या टेबलापाशी आली.

"कुलदीपभाऊ, जोक समजला नाही मले. जरा समजावून सांगा."

"काही नाही ताई, गंमत होती."

"तेच विचारून राहिली. गंमत कुठं होती?"

भोंग्यातून शब्द न् शब्द मैदानभर जात होता. कुलदीप माइकचं बटण चाचपत होता, ते सापडेना.

"म्हणजे, तुमचं लग्न झालं की नवरा..."

"मी इथं लग्नाले आली का?"

"नाही."

"मग काय करून राहिली?"

"कबड्डी," तो पुटपुटला.

सावरायला म्हणून कुलदीप बोलून गेला, "बायकायले राग लवकर येते." कोणी हसलं नाही. उलट पांढुर्ण्याच्या पोरीही येऊन उर्वशीच्या मागं उभ्या राहिल्या. नशीब, पंचांची शिट्टी वाजली.

उरलेला सामना तो जीव मुठीत धरून बोलला. जोक ओठांवर यायचा, तो गिळायचा. मग उरायचा नुसता खेळ. "चढाई. बोनस. पकड सुटली." पोरींची नावंसुद्धा त्यानं पंचांना विचारून घेतली. शेवटच्या चढाईत उर्वशी तिघींच्या हातून निसटून रेषेला टेकली, तेव्हा तो नकळत खुर्चीतून उठला होता. सौंसर एका गुणानं जिंकलं.

तेवढ्यात चॅनेलचे मालक केशवराव यांचा फोन आला. काम गेलं, असं धरूनच त्यानं तो उचलला.

"लोकायचे फोन येऊन राहिले," केशवराव म्हणाले.

"चुकलं साहेब."

"आज पहिल्यांदा गेम समजला म्हणून राहिले. नंतर एवढं मोजकंच बोलून राहिला होता, घसा बसला होता का रे तुझा?"



"हो," तो म्हणाला.

"मग औषध घेऊ नको."