दुसरी 'ब'चे अठ्ठेचाळीस शेरे

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात प्रिन्सिपल मॅडमनी नोटीस फिरवली, की प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्याच्या रकान्यात एका वर्गात एक शब्द दोनदा येता कामा नये. नोटिशीला कारण होतं. गेल्या वर्षी भिवंडीतल्या त्या इंग्रजी शाळेत पहिलीपासून सातवीपर्यंत झाडून सगळी मुलं 'गुड' निघाली होती, आणि एका पालकाने शिक्का करून घेतलाय का, असं विचारलं होतं.

नीलाबाईंच्या दुसरी 'ब'मध्ये मुलं अठ्ठेचाळीस. म्हणजे 'चांगला' याच अर्थाचे अठ्ठेचाळीस इंग्रजी शब्द हवेत. पण बाई कुरकुरल्या नाहीत. कुरकुरणं परमनंट लोकांना परवडतं. नीलाबाई पाच वर्षं टेंपररी होत्या. दर एप्रिलअखेर त्यांची नोकरी संपायची आणि दर जूनमध्ये अर्ज करून त्या नव्या असल्यासारख्या रुजू व्हायच्या. यंदा शाळा समिती त्यांना कायम करणार, असं मॅडमनी दोनदा सुचवलं होतं. अशा वेळी एका रकान्यावरून वाकडं घ्यायला त्या काही वेड्या नव्हत्या.

घरी त्यांनी डिक्शनरी काढली. फाइन, एक्सलंट, स्प्लेंडिड, नाइस, डीसेंट करत तिसाव्या मुलापर्यंत गाडी नीट गेली. मग अडली. नवरा हरी एका लूमवाल्या शेटजींचा पत्रव्यवहार सांभाळायचा, त्यामुळे त्याला इंग्रजीबद्दल मत होतं.

"सॅटिसफॅक्टरी घे की," तो म्हणाला.

"ते वाईट वाटतं."

"डिक्शनरीत तर चांगल्यातच दिलंय."

"डिक्शनरीला पालक भेटायला येत नाहीत."

शेवटी अठ्ठेचाळीस शब्द जमले. सातव्या नंबरच्या भावेश तरेला 'एक्सलंट' आला आणि आठव्या नंबरच्या भाविक तरेला 'स्प्लेंडिड'. ही दोघं चुलतभावंडं, एकाच घरातली, आणि घोटाळा झाला तो इथेच.

मुलांचे आजोबा केसरीनाथ तरे. त्यांची शेतं गोदामांखाली गेली, पण घर एकत्र राहिलं, कारण त्या घरात जे यायचं ते दोन्ही मुलग्यांकडे सारखं यायचं. नातवांचे शर्ट एकाच ताग्यातून कापले जायचे. सुनांच्या साड्या एका रंगाच्या, टीव्ही एका मापाचे. भावेशला कांजिण्या आल्या तेव्हा भाविकलाही, अंगावर एक पुळी नसताना, आठ दिवस घरी ठेवलं होतं. त्या घरात पहिल्यांदाच दोन वेगवेगळ्या वस्तू शिरल्या, आणि त्या नीलाबाईंच्या हस्ताक्षरात होत्या. शिवाय केसरीनाथ शाळा समितीवर होते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केसरीनाथांच्या बायको कमळकाकी दोन्ही सुनांना घेऊन वर्गात हजर झाल्या.

"बाई, काल सांजेला माज्या घरान दोन येगळ्या भाज्या झाल्या," काकी म्हणाल्या. "अठरा वर्सांन पयल्यांदा. मना एवराच सांगा, यान मोठा कंचा?"

"काकी, दोन्ही सारखेच आहेत."

"सारखे आहेत तर सारखे का नाही लिहिले टीचर?" भाविकची आई करिष्मा म्हणाली.

"मी मोजलंय," भावेशची आई उन्नती शांतपणे म्हणाली. "एक्सलंटमध्ये नऊ अक्षरं. स्प्लेंडिडमध्ये आठ."

"त्यातला ई तीन वेळा आलाय! रिपीट काढ, मग बघ. तुझी सहा उरतात, माझी सात."

नीलाबाईंनी पुराव्यादाखल डिक्शनरी उघडली. स्प्लेंडिडपुढे 'एक्सलंट' असा अर्थ छापला होता.

"बघा, एकच," बाई म्हणाल्या.

"म्हणजे हिच्या शब्दाला उभं राहायला माझा शब्द लागतो," उन्नती म्हणाली. करिष्माच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाईंनी घाईघाईने दोन्ही प्रगतिपुस्तकं ओढली आणि दोन्हींवर दोन्ही शब्द लिहून टाकले. एकावर आधी एक्सलंट, दुसऱ्यावर आधी स्प्लेंडिड. आता पहिलं लिहिलेलं मोठं की शेवटचं, यावर वाद सुरू झाला. तोवर दाराशी इतर पालक जमले होते, आणि तरेंच्या मुलांना दोन-दोन शब्द मिळाल्याचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांत पुढे रंगूबाई होत्या. त्यांचा नातू 'नाइस' होता.

"माझा मोरू वर्षभरात एक खाडा न करता आला, आणि चारच अक्षरं?" त्या म्हणाल्या. "थोडा हात सैल सोडा की बाई!"

मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, हमारे बच्चे को भी दो लिख दो, बडेवाला!"

दुपारपर्यंत रांग जिन्याखाली पोचली. प्रिन्सिपल मॅडम खाली आल्या, रांग पाहिली आणि महत्त्वाचा फोन आल्याचं सांगून वर गेल्या. मग केसरीनाथ आले. रांगेने त्यांना वाट करून दिली. त्यांच्या दोन्ही हातांत दोन प्रगतिपुस्तकं पाहून नीलाबाईंना आपली कायम होण्याची ऑर्डर डोळ्यांसमोर फाटताना दिसली. माणूस घाबरला की कधी कधी बरं बोलतो. बाईही बोलल्या.

"काका, आई एका पोराला सोन्या म्हणते, दुसऱ्याला राजा म्हणते. त्यात सोन्या मोठा की राजा? दोन्ही तिचेच ना? इंग्रजीतही तसंच असतं. शब्द शंभर असतील, अर्थ एकच. शब्दात काही नसतं काका."

करिष्माने डोळे पुसले. रंगूबाईंनी मान डोलावली, कारण त्या मोरूला दिवसातून दहा नावांनी हाका मारत.

"बराबर," केसरीनाथ म्हणाले. "बाई लाखातला बोलल्या. शब्दान काय नाय. चला समद्यांनी घरा!"

रांग उतरली. त्या रात्री तरेंकडे एकच भाजी झाली आणि नीलाबाई महिनाभर सुखाने झोपल्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात समितीची ऑर्डर आली. बाईंनी ती उभ्यानेच वाचली, मग बसून वाचली. त्यात त्यांची सेवा 'कंटिन्यू' करण्यात येत असल्याचं लिहिलं होतं. 'परमनंट' हा शब्द कुठेच नव्हता. पाच वर्षांचं वाट पाहणं एका शब्दावर अडलं होतं. त्यांना रडू आलं, रागही आला, आणि त्या रिक्षा करून थेट तरेंच्या घरी गेल्या.

केसरीनाथ झोपाळ्यावर बसले होते. कमळकाकी चहा घेऊन आल्या.

"काका, यात परमनंट लिहायला हवं होतं."

"क्लार्कनी लिवला तसा मी सही केला," केसरीनाथ म्हणाले. "पन बाई, कंटिन्यू म्हंजे काय? चालू ऱ्हानार. परमनंट म्हंजे काय? चालूच ऱ्हानार. मंग?"

"नाही हो काका!" बाईंचा आवाज चढला. "फार फरक आहे! प्रत्येक शब्दाला आपलं वजन असतं. एकाच्या जागी दुसरा घालून चालत नाही. एक शब्द मोठा असतो, एक लहान असतो!"

झोपाळा थांबला. आतल्या खोलीतलं भांडी घासणंही थांबलं. पदराला हात पुसत उन्नती एका दारात आली आणि करिष्मा दुसऱ्या. कमळकाकींनी चहाचा कप बाईंच्या हातात देता देता तसाच धरून ठेवला.

"आस्सा?" काकी म्हणाल्या. "मंग त्या दोनान मोठा कंचा व्हता?"

नीलाबाईंनी दोन्ही दारांकडे पाहिलं. मग ऑर्डरची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली आणि काकींच्या हातून चहा घेतला.

"सारखेच आहेत," त्या म्हणाल्या.