पाठमोऱ्या

डोंगर कितीही मोठा असू दे, त्याच्यासमोर एक माणूस आपल्याकडं पाठ करून उभा राहिल्याशिवाय तो फोटोत डोंगर म्हणून धरला जात नाही. हे मी नाही म्हणत, आमच्या शहरातलं निसर्ग छायाचित्र मंडळ म्हणतं, आणि मंडळातली माणसं शिकलेली आहेत.

ती पाठ आमच्या घरची. माझा मेहुणा. सगळे त्याला पाठमोऱ्याच म्हणायचे. मंडळानं त्याला लाल जाकीट दिलं आणि नियम घालून दिले. तोंड दाखवू नये. (दाखवण्यासारखं होतं असंही नाही.) थंडीनं नाक वाहिलं तरी पुसू नये, कोपर हलतं. दरीकडं असं बघावं की आपल्याला आयुष्य समजलंय. शहरात धुकं पडलं की त्याला दिव्याच्या खांबाखाली उभा करायचे आणि त्या फोटोला 'एकाकी' नाव द्यायचे. (दोन खोल्यांत सात माणसं राहतात त्याच्या घरी.)

गेल्या हिवाळ्यात मंडळ दोन गाड्या भरून डोंगरावर गेलं. ह्याला कड्यावर उभा केला, फोटो काढले, उजेड संपला तसं मंडळ परतलं. ह्या गाडीला वाटलं तो त्या गाडीत, त्या गाडीला वाटलं ह्या गाडीत. मंडळाचा दोष नाही. ज्याचं तोंडच कोणी बघितलं नाही, तो गाडीत नाही हे कळणार कसं?

दुसऱ्या दिवशी बायको मला घेऊन पोलीस चौकीत गेली. मंडळानं मोठ्या मनानं त्याचे बाराशे फोटो दिले होते. हवालदार बघून बघून दमला.

"बाई, तुमचं माणूस हरवलंय की जाकीट?"

"माझा भाऊ आहे हो तो!"

"असेल. पण समोरून कसा दिसतो?"

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष धीर द्यायला आले. कोणीतरी त्याच सकाळी टाकलेला फोटो मोबाइलवर दाखवायला लागले. कडा, खाली लाल ठिपका, दोन्ही हात आभाळाकडं. नाव 'मुक्त'.

"बघा वहिनी, असाच कुठंतरी मजेत असेल. काय आनंद आहे ह्या माणसाला!"

"आनंद कसला डोंबलाचा! हा तोच आहे. लहानपणी खांदा निखळला तेव्हापासून उजवा हात वर जात नाही त्याचा. तो वर केलाय म्हणजे जिवावर बेतलंय!"

वनरक्षकांनी दोर सोडून त्याला वर काढला. पाय घसरून खालच्या कपारीत पडला होता, घोटा मोडला होता.

"दाजी, सकाळपासून लोक येत होते की वर," तो म्हणाला. "मी वळून ओरडायचो. ते हातानं खुणा करायचे, तोंड तिकडं करा, जरा डावीकडं सरका."

"मग?"

"मग काय, सरकलो. सवय."

डावीकडं कपार संपत होती.

गारठ्यानं पायाची दोन बोटं गेली. मंडळानं दवाखान्यात येऊन खात्री करून घेतली की पाठ शाबूत आहे.

हिनं त्याच्या उशाशी बसून त्या 'मुक्त' फोटोखालचे सगळे लाल बदाम नावासकट वाचून काढले. तुमचं नाव वरून तिसरं. बदामाचं सोडा, माणसाचा अंगठा घसरतो. पण खाली तुम्ही लिहिलंयत, "असं जगता आलं पाहिजे."

मेहुणा म्हणतो, या की. कपारीतली जागा रिकामी आहे.