मगदूम सर आणि त्यांचा सातवा

मगदूम सरांशी कुठल्याही विषयावर बोला, ते तुम्हाला सातव्यापाशी नेऊन सोडायचे. नळाला पाणी नाही म्हणा, मटण महागलं म्हणा, जावई रुसलाय म्हणा, सर मान डोलवणार आणि म्हणणार, "सातव्याचं बी असंच झालंतं की."

आमच्या कॉलनीत नव्यानं राहायला आलेल्या एका कारकुनाला वाटलं, सर वेतन आयोगाबद्दल बोलतायत. तेव्हा सगळीकडे पाचव्याची चर्चा होती. तो बिचारा म्हणाला, "सर, अजून पाचवा हातात पडला नाही, तुम्ही सातव्यावर कुठं पोचलात?"

सरांनी त्याला घरी नेऊन चहा पाजला आणि सगळं सांगितलं. सातवा म्हणजे अमेरिकेचा सातवा अध्यक्ष. रानातल्या खोपटात जन्मला, लहानपणी पोरका झाला, मारामाऱ्या केल्या, छातीत बंदुकीची गोळी घेऊन जन्मभर हिंडला आणि बड्या लोकांच्या नाकावर टिच्चून साध्या माणसांच्या मतांवर निवडून आला. "एकदम आपल्याकडचा गडी," सर म्हणाले. "नुसती पायात कोल्हापुरी नव्हती."

सर मूळचे गडहिंग्लजकडचे. कोल्हापुरात एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. अमेरिकेचा पेपर कुणी घेईना म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला होता. पहिले सहा अध्यक्ष ते एका तासात उरकत, मग सातवा दिवाळीपर्यंत पुरे. एकदा परीक्षेत सोळाव्या अध्यक्षावर प्रश्न आला. निम्म्या वर्गानं ‘त्याआधी सातव्याचे कार्य पाहणे आवश्यक आहे’ अशी सुरुवात करून शेवटपर्यंत सातवाच लिहिला.

पण सर आंधळे भक्त नव्हते. शाहूवाडीकडची एक मुलगी एकदा वर्गात उभी राहिली. तिचं गाव धरणात गेलं होतं. ती म्हणाली, "सर, यानं तिथल्या मूळच्या लोकांना त्यांच्या जमिनीवरनं हाकलायचा कायदा केला. वाटेत किती माणसं मेली. मग हा गरिबांचा कसा?" हे सरांनीच मला सांगितलं. "मी काय उत्तर देणार, देसाई? तिला म्हटलं, पाप हाय ते. पेपरात बी पापच लिही. माणूस आवडला म्हणून त्याचं सगळं पदरात घ्यायचं नसतंय." त्यानंतर आठवडाभर ते सातव्याबद्दल बोलले नाहीत. दूधवाल्यानं मला काळजीनं विचारलं, सरांची तब्येत बरी आहे ना.

आमच्या कॉलनीत पुढच्या बाजूला बंगले आणि मागच्या गल्लीत पत्र्याची घरं. हाउसिंग सोसायटीचं चेअरमनपद कायम बंगल्यांकडे, म्हणजे रिटायर्ड इंजिनियर इंगवले साहेबांकडे. सेक्रेटरी मी. पाणीही आधी बंगल्यांनाच. एका वर्षी मागच्या गल्लीतले लोक सरांकडे गेले आणि म्हणाले, तुम्ही उभं राहा. सर याच क्षणाची वाट बघत होते. दारोदार फिरून ते सांगायला लागले, "सातव्यानं करून दावलं, आपण बी दावू." सातवा कोण हे निम्म्या मतदारांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण सर निवडून आले.

त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, आज माझं घर सगळ्यांना खुलं. मागची गल्ली आली, बंगले आले, शेजारच्या कॉलनीतले आले, नाक्यावरचे रिक्षावाले आले. पांढरा रस्सा सोफ्यावर सांडला. दोन खुर्च्या मोडल्या. कपबशा किती फुटल्या ते विचारू नका. सर कुठं दिसेनात म्हणून मी शोधायला निघालो, तर ते शेजारी आमच्या घराच्या मागच्या ओट्यावर ताट घेऊन बसलेले. "गर्दीनं मला स्वैपाकघरातनं भाईर ढकललं," ते आनंदानं म्हणाले. "सातवा बी असाच पळालाता. त्याच्या लोकांनी त्याचं घर फोडलंतं." शेवटी माझ्या बायकोनं रश्श्याचा हंडा समोरच्या मैदानात नेऊन ठेवायला लावला, तेव्हा घर रिकामं झालं. ते बघून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. सातव्याच्या घरातूनही गर्दी अशीच बाहेर काढली होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सेक्रेटरीपदावरून काढलं.

"का हो सर? काय चुकलं माझं?"

"काय न्हाय. काम चोख हाय तुमचं. पण पद म्हणजे वतन न्हाय, फिरतं पायजे." माझ्या जागी त्यांनी मागच्या गल्लीतला गिरणीवाला शिवा बसवला. बायको म्हणाली, बरं झालं, आता रविवारी तरी घरात दिसाल.

सगळं तसं बरं चाललं होतं. मागच्या गल्लीला पाणी यायला लागलं, नव्या पाइपलाइनचं काम सुरू झालं. आणि चैत्र आला.

नव्या कमिटीत सूर्यकांत पाटील नावाचा खजिनदार होता. त्याची बायको सुनीता आजऱ्याची. तिचं पहिलं लग्न मोडलेलं. काडीमोड पुरा व्हायच्या आधीच ती सूर्यकांतकडे राहायला आली, अशी कुजबुज होती. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे प्रत्येकीला खात्री होती. इंगवले वहिनींच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला सुनीता आली. ती बसली तशा चौघीजणी उठल्या आणि पन्ह्याचे पेले तसेच ठेवून निघून गेल्या. त्यातल्या तिघी कमिटी मेंबरांच्या बायका. वहिनींनी सुनीतापुढं कुंकवाचा करंडा आणलाच नाही. हे माझ्या बायकोनं घरी येऊन सांगितलं, तेव्हा तिचाही चेहरा उतरलेला होता.

सरांच्या कानावर गेलं. मीटिंग पाइपलाइनसाठी होती, पण सर उभे राहिले आणि म्हणाले, "पाइप नंतर. आधी तुमच्या मंडळी सुनीताबाईंच्या घरी च्या प्यायला जातील. न्हाय गेल्या तर ही कमिटी बरखास्त."

मेंबर एकमेकांकडे बघायला लागले. एकजण म्हणाला, "सर, बायकांच्या हळदीकुंकवात कमिटी कशी काय येती?"

"सातव्याचं मंत्रिमंडळ अशाच भानगडीपायी गेलंतं. एका मंत्र्याच्या बायकोला बाकीच्या बायकांनी वाळीत टाकलंतं. सातवा तिच्या बाजूनं उभा राहिला."

"मग काय झालं?"

"मंत्रिमंडळ गेलं. सातवा न्हाय गेला."

सगळे हसले. बायका काही चहाला गेल्या नाहीत, तेव्हा सरांनी मात्र खरोखरच सगळ्यांचे राजीनामे मागितले. पाइपलाइनचं काम थांबलं, रस्ते खणलेले तसेच. पंधरवड्यात सर्वसाधारण सभा भरली. ज्या मागच्या गल्लीनं सरांना निवडून आणलं होतं, तीही चिडली होती. चिखल तिच्याच दारात होता. शिवा तेवढा हात वर न करता बसून राहिला. बाकी सगळ्यांनी मिळून सरांना चेअरमनपदावरून काढलं.

जाता जाता इंगवले साहेब म्हणाले, "सर, तुम्ही विधुर माणूस. बायकांच्या गोष्टीत तुम्हाला एवढा रस कशाला?"

मला वाटलं, आता सातवा येणार. सर चपला घालून निघून गेले.

दोन दिवसांनी ते स्वतः घरोघर फिरले. दारात उभं राहून, मान जरा खाली घालून सांगायचे, "उद्या संध्याकाळी आमच्याकडं हळदीकुंकू हाय. वहिनींना पाठवा." एकट्या विधुराच्या घरी हळदीकुंकू, हे कोल्हापूरनं कधी ऐकलं नव्हतं. कॉलनीत हसून हसून लोकांची पोटं दुखली.

माझी बायको गेली, आणि कैरीची डाळ नीट वाटली असेल का या काळजीनं मलाही बरोबर घेऊन गेली. डाळ जाडीभरडी होती. पन्ह्यात गूळ जास्त झालेला. गादीवर धुतलेली चादर, आणि तिच्यावर एकटी सुनीता, अंग चोरून बसलेली. थोड्या वेळानं शिवाची बायको आली, मग मागच्या गल्लीतल्या चार-पाच जणी आल्या. बंगल्यातलं कुणी आलं नाही.

माझ्या बायकोनं करंडा उचलला आणि सुनीताकडे वळली. सर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, जरा थांबा."

त्यांनी आतून एक फोटो आणला. नऊवारीतली, बारीक चणीची बाई. सरांची बायको हे मला माहीत होतं. ती आम्ही इथं यायच्या कितीतरी आधी गेली होती.

"आमच्या शकूचं बी हे दुसरं लग्न," सर म्हणाले. "गडहिंग्लजला बारा वर्सं संसार केला आम्ही. आमच्या गल्लीत दर चैत्रात घरोघर हळदीकुंकू व्हायचं. ही नवं लुगडं नेसून दारात बसायची. हिला कुणी बोलवलं न्हाय."

फोटो त्यांनी सुनीताशेजारी चादरीवर ठेवला.

"पहिलं हिला लावा," ते म्हणाले. "मग सगळ्यांनी डाळ खावा. मीठ कमी असंल, तर सांगा."