बारा हजारांचे चाळीस

नूरीन मुकादमने बुधवारी संध्याकाळी वेबसाइटचं नवीन पान चालू केलं आणि ऐरोलीच्या ऑफिसातून खुशीत घरी गेली. उरणच्या एका कंटेनर यार्डाची ती यादी होती. बारा हजार ओळी, ओळीला एक कंटेनर. ब्राउझर सगळ्या ओळी एका दमात मांडायला जायचा आणि गुदमरायचा. यार्डातले कारकून दिनानाथ घरत पान उघडायला लावून चहा पिऊन येत, तरी स्क्रीन पांढरीच. नूरीनने जावास्क्रिप्ट बदलून स्क्रीनवर मावतील तेवढ्या चाळीसच ओळी मांडल्या. खाली सरकलं की पहिल्या पुसायच्या, पुढच्या आणायच्या. पान आता क्षणात उघडत होतं.

गुरुवारी सकाळी पहिला ट्रकवाला आला. दिनानाथांनी सवयीप्रमाणे कंट्रोल आणि एफ दाबून त्याच्या कंटेनरचा नंबर शोधला. नाही. दुसऱ्याचा? नाही. तिसऱ्याचाही नाही, तेव्हा त्यांनी घाबरून यादीच छापली. प्रिंटरने एक कागद दिला आणि तो गप्प झाला.

"म्याडम!" ते मॅनेजर जयमालाबाईंच्या केबिनमध्ये धावले. "बारा हजाराचे चालीस रायले! चोरी झाली हाय!"

बाईंनी खिडकीतून डोंगराएवढ्या कंटेनरांकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. कागदावर दिनानाथांनी सवयीने मारलेला शिक्का होता. त्यांनी फाटक बंद करायला लावलं आणि सगळ्यांना खडू देऊन मोजणीला पाठवलं. तासाभरात ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत गेली.

ऐरोलीत नूरीनच्या साहेबाचा, ऋषीचा, फोन खणखणला.

"नूरीन, तू बारा हजार कंटेनर डिलीट केलेस?"

"नाही रे! आहेत सगळे. फक्त चाळीसच दाखवलेत. ब्राउझर जे मांडलंय त्यातच शोधतो आणि तेवढंच छापतो. माझ्या लक्षातच नाही आलं."

"हे मला नको सांगूस. उरणला जाऊन सांग."

ती पोचली तेव्हा केबिनमध्ये कोणीच नव्हतं. तिने तिथेच आपला लॅपटॉप उघडून पानावर शोधायची चौकट टाकली, पूर्ण बारा हजारांत शोधणारी. छपाईही सुधारली. मग माफी मागायला ती यार्डात शिरली. तिसऱ्या रांगेत दिनानाथ एका निळ्या कंटेनरसमोर उभे होते, हातातला खडू तसाच.

"काका, सॉरी हां, चूक माझी—"

"थांब पोरी. हा नंबर माझे तोंडपाठ हाय. मस्कतवरशी आलेल्या नर्सबाई हायेत, नफिसाबाई, त्यांच्या घरसामानाचा डबा हाय हा. दोन म्हैने रोज फोन करतान. मी रोज यादीत बघतो नि सांगतो, नाय आला."

नूरीनने मोबाइलवर यादी काढली. या नंबरात तीनच्या जागी कोणीतरी आठ टाइप केला होता. बावीस वर्षांचा संसार केबिनपासून दोनशे पावलांवर पडून होता.

दिनानाथांनी तिथूनच फोन लावला. ट्रक थांबवून मोजणी केली, त्यात डबा सापडला, असं सांगितलं.

"दोन महिने चटईवर झोपतेय मी," नफिसाबाई म्हणाल्या. "आज माझ्या पलंगावर झोपेन. इतक्या ट्रकांना थांबवून माझा डबा शोधलात तुमी? कोण करतं इतकं?"

दिनानाथ नूरीनकडे वळले. त्यांनी फोन नूरीनच्या हातात दिला. "हिचे आभार माना, बाई."

नूरीन कसंबसं "नाही हो, चुकूनच झालं" म्हणाली. बाईंना तो विनय वाटला आणि त्यांनी आणखी दुवा दिल्या. नूरीनने डोळे ओढणीला पुसले.

फाटक उघडलं. जयमालाबाई सगळं ऐकून केबिनमध्ये परतल्या. दुपारी ऋषीला रागाने लिहिलेली तक्रार स्क्रीनवर तशीच होती: 'आपल्या नूरीन मुकादम यांच्यामुळे आज आमच्या यार्डातला कंटेनर न् कंटेनर तपासावा लागला.' त्यांनी ते दोनदा वाचलं. खोडण्यासारखं काही सापडलं नाही. खाली 'मनापासून आभार' एवढं जोडलं आणि पाठवून दिलं.